हिवाळ्यात परदेशी छोटी पक्षीनिरीक्षण सहल, पण कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोटी सहल म्हणजे नेमकी किती दिवसांची?

दाराला कुलूप लावल्यापासून ते परत उघडेपर्यंत पाच ते आठ दिवस. मात्र दिवसांवर नियोजन करू नका, हातात किती सकाळी येतात ते बघा. जंगलातले आणि माळावरचे बहुतेक पक्षी उजाडल्यानंतरचे तीन-चार तास सर्वांत जास्त हालचाल करतात, दुपारी गप्प होतात आणि उन्हं कलली की थोडा वेळ पुन्हा दिसू लागतात. सात दिवसांच्या सहलीत जाण्याचा एक दिवस आणि येण्याचा एक दिवस जातो. मधे दोनदा मुक्काम हलवला तर त्यातली एखादी सकाळ गाडीत जाते. उरतात चार सकाळी. खालची सगळी उत्तरं या चार सकाळी गृहीत धरून दिली आहेत.

आधी देश ठरवायचा की पक्षी?

त्याच्याही आधी, तुम्हाला काय बघायला आवडतं ते ठरवा. हिवाळी सहलींचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. एक म्हणजे थव्यांचा देखावा: हजारो क्रौंच, कलहंस, बदकं एकाच ठिकाणी. जाती मोजक्याच, पण दृश्य असं की दुर्बीण खाली ठेवून नुसतं बघत राहावं. दुसरा प्रकार विविधतेचा: उष्ण प्रदेशातलं जंगल, रोज नव्या जाती आणि रात्री यादी भरता भरता हात दुखतो. तिसरा म्हणजे एकाच पक्ष्याच्या मागे जाणं.

चार सकाळींत यातला एकच प्रकार नीट जमतो. तिन्ही करू गेलं की तिन्ही अर्धवट राहतात. सोबत जाणाऱ्या मंडळींमध्ये निघण्याआधी यावर एकमत करून घ्या. एकाला थवे हवेत आणि दुसऱ्याला लायफर (आयुष्यात पहिल्यांदाच दिसणारी जात), अशा जोडीचे वाद विमानतळावरच सुरू होतात.

हिवाळ्यात दिवस लहान असतो, त्याने किती फरक पडतो?

पुष्कळ पडतो, आणि नकाशा बघताना हीच गोष्ट हमखास विसरली जाते. २१ डिसेंबरच्या सुमारास लंडनमध्ये दिवस आठ तासांचाही नसतो. माद्रिदमध्ये तो नऊ तासांहून थोडा जास्त, गांबियात सव्वाअकराच्या पुढे आणि विषुववृत्तावर नेहमीसारखा बारा तासांचा असतो. नॉर्वेच्या अगदी ईशान्य टोकावरच्या वार्डो गावात नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापलीकडे सूर्य उगवतच नाही.

तरी लहान दिवस म्हणजे निव्वळ तोटा नव्हे. कडाक्याच्या थंडीत पक्ष्यांना जगण्यासाठी दिवसभर खावं लागतं, त्यामुळे तिथे भर दुपारीही शुकशुकाट नसतो. शिवाय सूर्योदय साडेआठला असेल तर पहाटे चारचा गजर लावायची गरज नाही. पहाटे उठण्याचा ज्यांना मनापासून तिटकारा आहे, त्यांनी उत्तरेकडे जायला हरकत नाही.

पहिलीच परदेशी पक्षी सहल आहे, थंडी नको आहे. कुठे जाऊ?

तीन नावं सांगतो. तिन्हींचे स्वभाव वेगळे आहेत.

गांबिया हा पश्चिम आफ्रिकेतला चिंचोळा देश. एका नदीच्या दोन्ही काठांची पट्टी, सर्वांत रुंद ठिकाणीही जेमतेम ५० किलोमीटर. इथे ५०० हून अधिक जातींची नोंद आहे आणि नोव्हेंबर ते मे जवळजवळ पाऊस नसतो. मुख्य म्हणजे किनाऱ्यावर कोटू परिसरात एकाच जागी मुक्काम ठेवून खाडी, भातखाचरं, माड आणि झुडपी रान पायी किंवा थोडक्या गाडीप्रवासात बघता येतं. अबुकोचं राखीव जंगल जवळच आहे. तिथे पाण्याकाठच्या लपणात तासभर बसलं की जांभळा तुराको, मोठे खंड्या आणि बगळे आपणहून समोर येतात. अॅबिसिनियन रोलर हा लांब शेपटीचा नीलपंख तारांवर बसलेला दिसतो, त्याला शोधावं लागत नाही. सरकारी भाषा इंग्रजी असल्याने गाईडशी बोलायला अडचण येत नाही. उणीव म्हणाल तर हरमॅटन वाऱ्याची धूळ: काही दिवस आकाश पांढुरकं होतं आणि फोटो फिके येतात. नदीच्या वरच्या भागातला इजिप्शियन प्लोव्हर मोहात पाडतो, पण त्याच्यासाठी कमीत कमी दोन रात्री किनारा सोडावा लागतो. पाच दिवसांच्या सहलीत तो मोह टाळा.

श्रीलंकेत तीसहून अधिक जाती प्रदेशनिष्ठ आहेत, म्हणजे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेक नैऋत्येकडच्या ओल्या जंगलांत आणि मध्यभागच्या डोंगरांत आहेत. १९८८ पासून जागतिक वारसा असलेलं सिंहराजा हे त्यातलं मुख्य ठिकाण. तिथला अनुभव असा की अर्धा तास पानही हलत नाही. मग कुठून तरी ऑरेंज-बिल्ड बॅबलर या सातभाईंच्या भाऊबंदांचा कलकलाट ऐकू येतो आणि दोन-तीन मिनिटांत पायवाटेभोवतीची झाडं भरून जातात. खाली सातभाई, मधल्या फांद्यांवर तुरेवाला कोतवाल, वर लाल तोंडाचा मलकोहा, एखाद्या खोडावर सुतार. हे सगळे एकत्र हिंडणारे पक्षी असतात. कोतवाल पहारा देतो आणि बाकीच्यांनी उडवलेले किडे मटकावतो. थवा पुढे सरकला की जंगल पुन्हा गप्प. अशा वेळी आधी वर बघायचं. खालचे पक्षी बराच वेळ रेंगाळतात, वरचे थांबत नाहीत. याच जंगलपट्ट्यात सेरेंडिब स्कॉप्स घुबड राहतं. आधी फक्त त्याचा आवाज ऐकू आला होता, पुढे ते दिसलं आणि २००४ मध्ये नवी जात म्हणून त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. जळवा मात्र भरपूर आहेत. गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे न्याच. आणि नकाशावरच्या अंतरावर विश्वास ठेवू नका. डोंगरातली साठ किलोमीटर अर्धी सकाळ खातात.

थायलंडमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी आणि त्यातल्या त्यात गार असते. फेचबुरी प्रांतात एका बाजूला पाक थाले आणि लेम फाक बियाची मिठागरं, दुसऱ्या बाजूला काएंग क्राचानचं जंगल, आणि हे सगळं बँकॉकपासून काही तासांच्या आत. पाणपक्षी आणि जंगलपक्षी एकाच मुक्कामावरून बघायचे असतील तर इतकी सोयीची जागा मला दुसरी सुचत नाही. उत्तरेकडचा दोई इंथानोन, २,५६५ मीटरचा, थायलंडचा सर्वांत उंच डोंगर, सुंदरच आहे, पण ती स्वतंत्र सहल समजा.

पाक थालेचं नाव सगळे का घेतात?

स्पूनबिल्ड सँडपायपरमुळे. चिमणीएवढा पक्षी, चोचीचं टोक चमच्यासारखं पसरट. रशियाच्या अतिईशान्येला वीण करतो आणि हिवाळ्यासाठी आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवर येतो. जगात आता काही शेच प्रौढ पक्षी उरले आहेत. पाक थालेला त्यातले मोजकेच येतात, तेही रेड-नेक्ड स्टिंट या शेकडो छोट्या पाणपक्ष्यांमध्ये मिसळलेले. दोघंही राखाडी-पांढरे आणि एकाच मापाचे. अंगावर तापलेलं ऊन, मिठागराच्या पाण्यावर हवा थरथरते आहे, अशात चोच ओळखू येत नाही. म्हणून आधी चाल बघायची. स्टिंट शिवणयंत्राच्या सुईसारखे टुकटुक टोचत जातात. हा मात्र चोच पाण्यात बुडवून, मान खाली घालून, डावी-उजवीकडे हलवत पुढे सरकतो. असा वेगळा हिंडणारा एक दिसला की स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) त्याच्यावर रोखून ठेवायचा आणि त्याने डोकं वर काढायची वाट बघायची. सकाळी लवकर जा. साडेनऊनंतर त्या थरथरत्या हवेत काहीच स्पष्ट दिसत नाही.

क्रौंचांसाठी सर्वांत चांगली जागा कोणती?

तुम्हाला संख्या हवी की पार्श्वभूमी, त्यावर अवलंबून आहे.

संख्या आणि खात्री दोन्ही हवी असेल तर जपानच्या दक्षिणेकडचं इझुमी. तिथल्या शेतांत दर हिवाळ्यात दहा हजारांहून जास्त क्रौंच उतरतात. त्यात हूडेड क्रेन सर्वाधिक, जगातल्या त्यांच्या संख्येतला बहुतांश भाग इथेच असतो, शिवाय व्हाइट-नेप्ड क्रेनही असतात. पक्ष्यांना तिथे धान्य टाकलं जातं. त्यामुळे गर्दी इतकी दाटते की रोग आला तर फार नुकसान होतं: २०२२-२३ च्या हिवाळ्यात बर्ड फ्लूने तिथे हजाराहून जास्त क्रौंच दगावले. बघताना आनंद होतो आणि काळजीही वाटते.

बर्फातले क्रौंच बघायचे तर होक्काइदोतलं कुशिरो आणि त्सुरुई. लाल टोपीचे क्रौंच जपानमधून संपलेच असं मानलं जात होतं. १९२४ मध्ये कुशिरोच्या दलदलीत मोजके पक्षी सापडले, आणि संरक्षण व हिवाळ्यातलं खाद्य यांमुळे आज ते हजाराच्या बरेच वर गेले आहेत. ओतोवा पुलावरून उजाडताना दिसतं ते असं: रात्रीची थंडी कडक असली की हवेपेक्षा उबदार असलेल्या नदीच्या पाण्यावर धुकं चढतं, काठावरच्या फांद्यांवर हिमकण जमलेले असतात आणि त्या धुक्यात एका पायावर उभे क्रौंच आधी सावल्यांसारखे आणि मग हळूहळू काळे-पांढरे दिसू लागतात. इझुमी आणि कुशिरो दोन्ही एकाच आठवड्यात करायचा बेत अनेकजण आखतात. देशाच्या दोन टोकांना आहेत ती. एक निवडा.

स्पेनमधल्या एक्स्त्रेमादुरात कॉमन क्रेन मुक्कामाला असतात, काही हिवाळ्यांत लाखाच्याही पुढे. ओकची विरळ झाडी, खाली पडलेले एकॉर्न वेचणारे क्रौंच, शेजारच्या माळावर ग्रेट बस्टर्ड, म्हणजे आपल्या माळढोकाचा चुलतभाऊ, आणि मोनफ्राग्वेच्या कड्यांवर गिधाडं. माद्रिदहून गाडीने अडीच-तीन तासांत त्रुहियो गाठता येतं. युरोपात हिवाळ्यात एकच जागा निवडायची झाली तर मी हीच निवडेन.

भूतानच्या फोबजिखा खोऱ्यात, सुमारे ३,००० मीटर उंचीवर, काळ्या मानेचे क्रौंच ऑक्टोबरअखेर येतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. संख्या काही शेच आहे, पण गांगतेच्या मठाखालची ती दलदल शांतपणे बघण्यासारखी आहे. वाटेत पुनाखाच्या नद्यांवर पांढऱ्या पोटाचा बगळा दिसायची शक्यता असते. तो जगातल्या सर्वांत दुर्मीळ बगळ्यांपैकी एक. घाटातल्या रस्त्यांचा वेळ मात्र धरूनच चला.

खरा हिवाळा हवा आहे, बर्फासकट.

होक्काइदोच्या पूर्व किनाऱ्यावरचं राउसु. ओखोत्स्क समुद्रातून वाहून येणाऱ्या बर्फाच्या लाद्यांवर स्टेलर्स सी ईगल बसतात: जगातल्या सर्वांत वजनदार गरुडांपैकी एक, पिवळीजर्द अजस्र चोच आणि अडीच मीटरपर्यंत जाणारा पंखविस्तार. फेब्रुवारीत पहाटे बोटी निघतात. दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. बर्फ किनाऱ्याजवळ येईल की नाही हे वाऱ्यावर आहे, म्हणून तिथे एकच सकाळ ठेवू नका. आणि बोटीवरून गरुडांना मासे टाकले जातात. ज्यांना ते खटकतं त्यांनी किनाऱ्यावरून बघावं, गरुड तिथूनही दिसतात.

दुसरं ठिकाण म्हणजे नॉर्वेतलं वारांगर. स्टेलर्स आयडर, किंग आयडर अशी नटलेली समुद्री बदकं बंदरांतच पोहत असतात. तिथे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चमध्ये जा. तोवर उजेड परतलेला असतो. बात्सफ्योर्डला पाण्यावर तरंगणारी लपणं आहेत, तिथून किंग आयडर डोळ्यांच्या पातळीवर दिसतो.

बल्गेरियातले लाल छातीचे कलहंस नक्की दिसतात का?

नाही. काळ्या समुद्राकाठी दुरांकुलाक आणि शाब्ला तलावांवर ते रात्री मुक्कामाला येतात आणि पहाटे गव्हाच्या शेतांकडे उडतात. पण हिवाळा सौम्य असला तर बरेचसे पक्षी उत्तरेलाच थांबतात. अशी सहल आयत्या वेळी ठरवावी, चार महिने आधी नव्हे.

डिसेंबर, जानेवारी की फेब्रुवारी?

फुरसत असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. डिसेंबरअखेर सगळीकडे सुट्टीची गर्दी असते, विमानाची तिकिटं आणि खोल्या महागतात, गाईड आधीच बुक झालेले असतात. श्रीलंकेच्या नैऋत्येला डिसेंबरपेक्षा जानेवारी ते मार्च जास्त कोरडे असतात. उत्तरेकडे फेब्रुवारीत उजेड वाढलेला असतो, बदकं विणीच्या पिसाऱ्यात असतात आणि क्रौंच नाचू लागलेले असतात. उशीर फार केला तर मात्र पाहुणे परत निघतात.

कोस्टा रिकाला एका आठवड्यासाठी जावं का?

पोहोचायला एका दिवसापेक्षा जास्त लागत असेल तर नको. बाकी देश नवलाचा आहे: क्षेत्रफळ ५१,००० चौरस किलोमीटरच्या आसपास आणि पक्षी ९०० हून अधिक जातींचे. डिसेंबर ते एप्रिल पॅसिफिककडची बाजू कोरडी असते, कॅरिबियन उतारावर मात्र डिसेंबरात जोरदार पाऊस पडतो. क्वेत्साल हा लांब शेपटीचा हिरवा-लाल पक्षी बघायचा तर सान हेरार्दो दे दोताला किमान दोन रात्री ठेवा. रानटी अव्होकॅडोचं फळ लागलेलं झाड गाईडला माहीत असलं की अर्धं काम झालं.

जाता जाता: पश्चिमेकडे लांबचा प्रवास केला की पहिले तीन-चार दिवस पहाटे तीनलाच जाग येते. एरवी लोक याला कंटाळतात, पक्षीनिरीक्षकाला ते वरदान आहे.

हिवाळा म्हटलं की दक्षिण गोलार्ध बाद का?

डिसेंबरात तिथे उन्हाळा असतो एवढंच. दक्षिण आफ्रिकेत या काळात उत्तरेचे पाहुणे आणि स्थानिक विणीचे पक्षी दोन्ही असतात. ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग मात्र तेव्हा पावसात भिजत असतो.

ई-बर्डवरून ठिकाण कसं निवडायचं?

जगभरच्या पक्षीनिरीक्षकांनी भरलेल्या, २००२ पासून चालू असलेल्या या ऑनलाइन नोंदींच्या साठ्यात प्रत्येक प्रदेशाचा बार चार्ट मिळतो. त्यात महिन्याचे चार भाग केलेले असतात आणि पट्टी जितकी जाड, तितक्या जास्त याद्यांमध्ये तो पक्षी नोंदलेला. लोक इथे फसतात ते असं: देशाचा चार्ट उघडतात आणि सहाशे जाती बघून हरखून जातात. चार्ट उघडायचा तो तुम्ही राहणार त्या जिल्ह्याचा, किंवा थेट त्या हॉटस्पॉटचा, म्हणजे ई-बर्डवर नोंदलेल्या पक्षीनिरीक्षणाच्या जागेचा. मग गेल्या दोन हिवाळ्यांतल्या एकेका सकाळच्या याद्या वाचायच्या. तीन तासांत साध्या पाहुण्याने किती जाती बघितल्या? हवा असलेला पक्षी पाच याद्यांपैकी किती याद्यांत आहे? हा आकडा तुमच्या वाट्याला येणाऱ्या अनुभवाच्या बराच जवळ असतो. काही संवेदनशील जातींची ठिकाणं मुद्दाम झाकलेली असतात. ती गाईडकडूनच कळतात आणि तेच योग्य.

गाईड घ्यावाच का?

निदान पहिल्या सकाळी तरी घ्या. दोन-तीन तासांत स्थानिक आवाज कानात बसतात आणि पुढच्या सकाळी तुम्ही एकटे फिरू शकता. निवडताना एकच प्रश्न विचारा: "सकाळी किती वाजता निघायचं?" उष्ण प्रदेशातला गाईड "नाश्ता करून आठला निघू" म्हणाला तर दुसरा शोधा. पक्ष्याला बोलावण्यासाठी रेकॉर्ड केलेला आवाज वाजवतो का, हेही विचारून घ्या. विणीच्या काळात आणि दुर्मीळ जातींसाठी तो वाजवू नये. काही उद्यानांत त्यावर बंदीच आहे.

स्कोप न्यायचा का?

मिठागरं, तलाव, समुद्रकिनारा आणि माळ असेल तर हो. दाट जंगलात तो नुसता खांद्यावरचा भार. दुर्बीण ८×४२ सर्वांत उपयोगी, कारण ढगाळ हिवाळी उजेडात ४२ मिलिमीटरचं भिंग प्रकाश बरा गोळा करतं. सामान कमीच ठेवायचं असेल तर ८×३२. थंडीत बॅटऱ्या भराभर उतरतात, जादाची खिशात अंगाच्या उबेला ठेवा. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. बर्फातून उबदार खोलीत शिरण्याआधी दुर्बीण आणि कॅमेरा बाहेरच बॅगेत घालून चेन लावा आणि तासाभराने उघडा, म्हणजे भिंगावर दव धरणार नाही. विमानतळ, लष्करी तळ आणि सीमेजवळ दुर्बीण गळ्यात लटकवून हिंडू नका.

भरती-ओहोटीचा विचार कधी करायचा?

किनारा असला की तिकीट काढण्याआधीच. ओहोटीत पाणपक्षी चिखलपट्टीवर दूरवर पांगतात, भरतीला आत ढकलले जाऊन मिठागरांत, वाळूच्या दांड्यांवर दाटीने बसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी, म्हणून पक्षी जास्त जवळ. बसलेला थवा उडवू नका. लांब उड्डाणासाठी साठवलेली चरबी त्यांची तिथेच खर्च होते.

लस, औषधं वगैरे?

प्रवासी आरोग्य दवाखान्यात महिना-दीड महिना आधी जा. गांबियात मलेरिया आहे, गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. पीतज्वराची लस पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी हवी, आणि २०१६ पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ते परततानाही मागितलं जाऊ शकतं. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका. एका पाणथळीतून दुसरीकडे जाताना बूट धुऊन घ्या.

सोबतच्या माणसाला पक्ष्यांत रस नाही. काय करावं?

मग एकाच गावात राहा, सकाळी दहापर्यंत तुम्ही तुमचे, पुढे दिवस दोघांचा. त्रुहियोचं जुनं गाव किंवा कोटूचा समुद्रकिनारा यासाठी बरे. "तुलाही आवडेल" असं म्हणून त्यांना पहाटे पाचला उठवायचा उद्योग करू नका.

सगळं ठरलं. निघण्याआधीच्या आठवड्यात काय?

ई-बर्डवर त्या हॉटस्पॉटच्या ताज्या याद्या बघा, भरतीचं वेळापत्रक उतरवून घ्या, पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपचा त्या प्रदेशाचा पॅक फोनवर घ्या, कारण जंगलात नेटवर्क नसतं. झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावरून पंधरा-वीस नेहमीच्या पक्ष्यांचे आवाज रोज ऐका. दुर्मीळांचे नव्हे, नेहमीच्यांचे. नेहमीचे कानाला ओळखीचे झाले की त्यात वेगळा आवाज आला तर लगेच कळतो. आणि पहिल्या सकाळची गाडी किती वाजता येणार, हे गाईडला पुन्हा एकदा विचारून घ्या.